धक्क्यावर बसून राहिलेला माणूस

जॉर्जिया राज्यातल्या मेकन शहराने २००२ साली आपल्या लाडक्या गायकाचा, ओटिस रेडिंगचा, पुतळा ओकमल्गी नदीकाठच्या उद्यानात बसवला. पाय आपटत, घामाने निथळत गाणारा ओटिस लोकांनी रंगमंचावर पाहिलेला होता, तरी पुतळ्यासाठी ती मुद्रा निवडली गेली नाही. निवडला गेला तो धक्क्यावर गिटार घेऊन बसलेला ओटिस. कारण उघड आहे. जग या गायकाला ज्या एका गाण्यामुळे ओळखतं, ते ‘सिटिंग ऑन द डॉक ऑफ द बे’ अशाच एका बसलेल्या माणसाचं गाणं आहे. पण गाण्यातला माणूस जॉर्जियातलं घर सोडून, सबंध देश ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवर येऊन बसला आहे, आणि गावाने त्याला उचलून पुन्हा घरच्या नदीकाठी आणून ठेवलं. गावाची माया समजते. तरीही या हलवाहलवीत गाण्याचा गाभा हातून निसटतो, असं मला ठामपणे वाटतं. विमानतळांवर, उपाहारगृहांत, मोटारींमध्ये हे गाणं सुट्टीच्या दिवसाचं, आळसावलेल्या दुपारचं म्हणून वाजत असतं. माझ्या मते ते विसाव्याचं गाणं नाहीच. चांगल्या दिवसांच्या आशेने मुलूख सोडलेला आणि शेवटी पाण्याकडे बघत बसण्यावाचून हाती काही न उरलेला एक माणूस त्यात बोलतो आहे, आणि त्याच्यामागे घरदार सोडून निघालेली लाखो माणसं उभी आहेत. हे नुसतं मांडण्यापेक्षा त्या वाटेने गेलं की लवकर पटतं. म्हणून हा प्रवास चार पाण्यांच्या काठाने आहे: मेकनची ओकमल्गी, मेम्फिसची मिसिसिपी, सॉसलिटोची खाडी आणि मॅडिसनचं मोनोना तळं.

ओकमल्गी समुद्रापासून बरीच आत, जॉर्जियाच्या मध्यावर आहे. मेकनहून ती आग्नेयेला जाते, ओकोनी नदीला मिळते, आणि आल्टामाहा हे नाव घेऊन अटलांटिक महासागरात जाते. एकोणिसाव्या शतकात या भागातला कापूस नदीमार्गे समुद्राकडे जात असे, आणि तो पिकवणारे हात गुलामांचे होते. ओटिसचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, नैऋत्य जॉर्जियातल्या डॉसन या शेतीच्या गावातला. तो अगदी लहान असतानाच रेडिंग कुटुंब मेकनला आलं आणि टिंडल हाइट्स या सरकारी वसाहतीत राहू लागलं. वडील जवळच्या रॉबिन्स हवाईतळावर कामाला होते आणि चर्चमध्ये प्रवचनही करत. मुलगा व्हाइनव्हिलच्या बॅप्टिस्ट चर्चच्या गायनवृंदात गायला शिकला. वडिलांच्या आजारपणामुळे घराला हातभार लावायला त्याने शाळा सोडली, विहिरी खोदायचं काम केलं, पेट्रोल पंपावर राबला. चार्ल्स डग्लस या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने उभारलेल्या डग्लस थिएटरात तेव्हा हौशी गायकांच्या स्पर्धा होत. पाच डॉलरचं बक्षीस ओटिसने सलग पंधरा आठवडे जिंकलं, तेव्हा कुठे त्याला भाग घ्यायची मनाई झाली. याच मेकनमधून गायक लिटल रिचर्ड बाहेर पडला होता, आणि सुरुवातीचा ओटिस त्याचीच नक्कल करत गात असे. हे चरित्र सांगण्यामागे माझा हेतू एकच आहे. डॉसनहून मेकनला येणं हा एका फार मोठ्या प्रवासाचा पहिला टप्पा होता. साधारण १९१० ते १९७० या काळात दक्षिणेतली सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेली. अनेकांची वाट आधी शेतातून जवळच्या शहरात आणि मग त्या शहरातून दूरच्या शहरात अशी होती. ओटिसच्या घराने पहिला टप्पा गाठला. दुसऱ्या टप्प्याचं गाणं त्याने पुढे लिहिलं.

मेकनहून वायव्येला गेलं की मिसिसिपीच्या उंच काठावर मेम्फिस लागतं. नदीपासून थोडं आत, मॅक्लेमोर अव्हेन्यूवर आज स्टॅक्स संग्रहालय आहे. तिथेच पूर्वी कॅपिटॉल हे सिनेमागृह होतं. जिम स्टुअर्टने १९५७ मध्ये सुरू केलेली आणि पुढे त्याची बहीण एस्टेल अॅक्सटन हिने साथ दिलेली छोटी रेकॉर्ड कंपनी १९६० मध्ये या बंद पडलेल्या सिनेमागृहात आली. एस्टेलने कंपनीसाठी घर गहाण टाकलं होतं. दोघांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून कंपनीचं नाव स्टॅक्स झालं. खुर्च्या काढल्या, पण प्रेक्षागृहाचा उतार तसाच ठेवला, आणि त्या उतरत्या जमिनीवरच वादक वाजवू लागले. स्टॅक्सच्या रेकॉर्डींचा भरीव, घुमणारा आवाज या खोलीचा आहे असं जाणकार मानतात. खाऊच्या स्टॉलच्या जागी रेकॉर्डींचं दुकान निघालं. वस्तीतली मुलं तिथे रेंगाळायची आणि त्यांतलीच काही पुढे आत जाऊन वाजवायला लागली. घरच्या वादकसंचात बुकर टी. जोन्स आणि अल जॅक्सन हे कृष्णवर्णीय, तर स्टीव्ह क्रॉपर आणि डोनाल्ड डन हे गोरे. ज्या शहरात या चौघांना एका टेबलावर जेवायला बसणं अवघड होतं, तिथे ते रोज एका खोलीत बसून संगीत रचत होते. १९६२ मध्ये ओटिस या दारात आला तो गायक म्हणून नव्हे. गिटारवादक जॉनी जेन्किन्सचं ध्वनिमुद्रण होतं, आणि त्याला गाडी चालवत मेकनहून मेम्फिसला आणायचं काम ओटिसकडे होतं. जेन्किन्सचं काम फारसं जमलं नाही, थोडा वेळ उरला, आणि त्या उरलेल्या वेळात ओटिसने ‘दीज आर्म्स ऑफ माइन’ गायलं. त्या गाण्याने त्याची कारकीर्द सुरू झाली.

ओटिस गात असे त्या सोल गायकीची बैठक चर्चच्या गाण्यात आहे. प्रवचनकाराने हाक द्यायची, मंडळीने ओ द्यायची, आणि हाक-प्रतिसादाच्या या चढत्या फेऱ्यांनी सभा भारून टाकायची, हा तिचा साचा. १९५० च्या दशकात रे चार्ल्ससारख्या गायकांनी देवाला उद्देशून केलेली आर्त विनवणी प्रेयसीकडे वळवली आणि हा साचा नाचघरांत आला. ओटिसने त्यात स्वतःची भर घातली. ओळ पूर्ण म्हणण्याऐवजी तो ती तोडायचा, शब्द पुन्हा पुन्हा घ्यायचा, अडखळल्यासारखा थांबायचा आणि मग एकदम उसळायचा. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनचे तुकडे तो स्वतः गुणगुणून वादकांना देत असे. स्टॅक्समध्ये लिहिलेल्या नोटेशनवर काम चालत नसे, कानानेच सगळं बसवलं जाई. १९६५ मध्ये त्याने ‘रिस्पेक्ट’ लिहून गायलं, आणि १९६७ मध्ये अॅरेथा फ्रँकलिनने तेच गाणं बाईच्या तोंडी देऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं. डिसेंबर १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात ओटिस तीन रात्री गायला. समोर बहुतांश गोरे हिप्पी तरुण होते आणि त्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. १९६७ च्या वसंतात स्टॅक्सच्या कलाकारांबरोबर त्याने युरोपचा दौरा केला, आणि जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या संगीत महोत्सवात एका रात्रीत नवा श्रोता जिंकला. ब्रिटनच्या ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याच वर्षी सर्वोत्तम गायक म्हणून एल्व्हिस प्रेस्लीच्या जागी त्याला निवडलं. म्हणजे ज्या वर्षी त्याने हरलेल्या माणसाचं गाणं लिहायला घेतलं, ते वर्ष त्याच्या स्वतःच्या आयुष्यातलं सर्वांत यशाचं होतं. ही विसंगती लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण माझा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे.

ऑगस्ट १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या कार्यक्रमांच्या वेळी ओटिस गोल्डन गेट पुलापलीकडच्या सॉसलिटो गावी एका हाउसबोटीत राहिला. तिथे या गाण्याच्या पहिल्या ओळी झाल्या. सॉसलिटोचं आजचं चित्र पर्यटकांच्या ओळखीचं आहे: डोंगरउतारावरची टुमदार घरं, पांढरी शिडं, पलीकडे धुक्यात सॅन फ्रान्सिस्को. पण गावाच्या उत्तर टोकाला, हाउसबोटी जिथे बांधलेल्या असतात त्या वॉल्डो पॉइंटच्या बाजूला गेलं की रिचर्डसन बे हा खाडीचा उथळ फाटा लागतो. इथे दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. ओहोटीला चिखलाचे पट्टे उघडे पडतात, आणि काही बोटी पाण्यावर तरंगायच्या सोडून गाळावर टेकतात. मेकनमध्ये वाढलेल्या माणसाला हे पाणी नवं असणार. नदी वाहून नेते. तिच्यात टाकलेलं पुढे कुठेतरी समुद्राला लागतं. खाडीचं पाणी मात्र जातं आणि तिथेच परत येतं, दिवसभर हललं तरी पोचत कुठेच नाही. ओटिसने गाण्यात निवडला तो हा दुसरा प्रकार. त्याचा नायक सकाळपासून संध्याकाळपर्यंत जहाजांचं येणं-जाणं आणि पाण्याचं मागे सरणं पाहतो, आणि स्वतःची परिस्थिती तसूभरही बदललेली नाही असं सांगतो. भरती-ओहोटी इथे देखावा म्हणून आलेली नाही. नायकाच्या कहाणीचा आकारच तिच्यावरून घेतलेला आहे.

याच किनाऱ्यावर, त्याच हाउसबोटींच्या शेजारी, दुसरं एक चित्र आहे. पर्यटकांच्या माहितीपत्रकात ते क्वचितच असतं. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली सॉसलिटोला मरिनशिप ही जहाजबांधणीची प्रचंड गोदी उभी राहिली. युद्ध संपेपर्यंत तिने ९३ जहाजं बांधली. भरभराटीच्या काळात सुमारे २० हजार माणसं तिथे कामाला होती, आणि त्यांत दक्षिणेतून मजुरीच्या आशेने आलेले कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने होते. त्यांच्यासाठी आणि इतर कामगारांसाठी घाईघाईने वसवलेली वस्ती म्हणजे मरिन सिटी. बॉयलरमेकर संघटनेने कृष्णवर्णीयांना पूर्ण सभासद करून न घेता वेगळ्या, दुय्यम शाखेत ढकललं. जोसेफ जेम्स या कामगाराच्या नेतृत्वाखाली अनेकांनी त्या शाखेची वर्गणी द्यायला नकार दिला, कामावरून काढले गेले आणि न्यायालयात गेले. १९४४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. निकाल मोठा होता, पण लवकरच युद्ध संपलं आणि गोदी बंद झाली. गोरे कामगार आसपासच्या नव्या उपनगरांत पांगले. कृष्णवर्णीयांना तिथे घर विकायचं नाही अशी बंधनं असल्यामुळे ती कुटुंबं मरिन सिटीतच राहिली, हाताशी काम नसताना. गोदीच्या उरलेल्या किनाऱ्यावर, युद्धात वापरलेल्या आणि टाकून दिलेल्या होड्यांचा आसरा घेत, पुढे हाउसबोटींची वस्ती वाढली. आज हमरस्त्याच्या खाडीकडच्या बाजूला हाउसबोटी आहेत आणि दुसऱ्या बाजूला मरिन सिटी. ओटिसला हा इतिहास ठाऊक होता असा माझा दावा नाही. माझं म्हणणं एवढंच, की दक्षिणेतून कामाच्या आशेने आलेला आणि रिकाम्या हाताने धक्क्यावर बसलेला माणूस या जागी कल्पनेतून आणावा लागत नव्हता. तो रस्त्यापलीकडे राहत होता.

खाडीच्या पूर्वेला ओकलंड आहे. तिथल्या गोद्यांनीही युद्धात लुइझियाना, टेक्सास, आर्कन्सॉमधून हजारो कुटुंबं ओढून आणली होती. ह्यूई न्यूटनचा जन्म लुइझियानातला, बॉबी सीलचा टेक्सासातला. दोघंही लहानपणी घरच्यांबरोबर कॅलिफोर्नियात आले, आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये दोघांनी ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला. ओटिस सॉसलिटोला राहिला तो या घटनेनंतर दहा महिन्यांनी. बापांनी ज्या आशेने देश ओलांडला ती खोटी ठरली, हे पँथर घोषणेत आणि संघटनेत सांगत होते. मराठी वाचकाला हा धागा परका नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा नाव ओकलंडहूनच घेतलं गेलं, आणि तिच्या संस्थापकांपैकी नामदेव ढसाळ हे स्वतः पुणे जिल्ह्यातल्या खेड्यातून लहानपणी मुंबईत आलेल्या कुटुंबातले होते. गाव सोडून शहरात आलेल्यांची पुढची पिढी शहराला जाब विचारते, हे दोन्हीकडे घडलं. डॉकला मराठीत आपण धक्का म्हणतो, आणि भाऊच्या धक्क्यावर उतरलेल्या कोकणी चाकरमान्यांच्या पिढ्या आठवल्या, तर आशेने उतरलेल्या माणसाला हा शब्द किती जवळचा असतो हे वेगळं सांगावं लागत नाही. ओटिसचं गाणं जाब विचारत नाही, हे खरं आहे. ते जाब विचारण्याआधीची अवस्था दाखवतं: थकवा. अमुक कर, तमुक कर असं दहा जणांनी सांगितलं तरी आपल्याच्याने ते होणार नाही, तेव्हा आहोत तसेच राहू, असं तो नायक म्हणतो. यातला नकार मला आळसापेक्षा प्रतिकाराच्या अधिक जवळचा वाटतो.

इथे एक सरळ आणि वजनदार आक्षेप येतो. गाणं पूर्ण करण्यात स्टीव्ह क्रॉपरचा सहभाग होता, आणि ओटिसच्या स्वतःच्या आयुष्यातले तपशील आपण गाण्यात घातले असं त्याने अनेकदा सांगितलं आहे. ओटिस जॉर्जियाचा होता, सॅन फ्रान्सिस्कोला गायला गेला होता, हाउसबोटीवरून जहाजं पाहत होता. मग हे एका यशस्वी गायकाच्या फुरसतीचं गाणं का मानू नये? मेकनच्या उत्तरेला त्याचं ‘बिग ओ’ नावाचं मोठं शेत होतं, स्वतःचं विमान होतं, स्वतःची संगीत प्रकाशन संस्था होती. असा माणूस स्थलांतरित मजुराचा आवाज कसा होणार? मला वाटतं, तपशील चरित्रातले आहेत हे मान्य केल्यावरच खरा मुद्दा दिसतो. जॉर्जिया खरं, खाडी खरी, जहाजं खरी. पण निष्कर्ष नेमका उलटा केलेला आहे. खरा ओटिस सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि जिंकला. गाण्यातला माणूस गेला, आणि त्याच्याजवळ जगण्यासारखं काही उरलं नाही. गीतकाराने ही उलटापालट उगाच केली असेल असं मानायला मी तयार नाही. शिवाय तो उलटा शेवट ओटिसला अपरिचित नव्हता. १९६० साली तो खरोखरच नशीब काढायला लॉस एंजेलिसला गेला होता. तिथे त्याने काही गाणी ध्वनिमुद्रित केली, जम बसला नाही आणि तो मेकनला परतला. दोन वर्षांनी मेम्फिसमध्ये थोडा वेळ शिल्लक राहिला नसता, तर धक्क्यावरच्या माणसात आणि त्याच्यात फारसं अंतर उरलं नसतं. जॉर्जियाची बहुतेक माणसं न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, डेट्रॉइटकडे गेली आणि कॅलिफोर्नियाची वाट मुख्यतः टेक्सास-लुइझियानाच्या लोकांची होती, हेही खरं. पण म्हणूनच गाण्यातली वाट अधिक बोलकी होते. त्या माणसाने सर्वांत लांबचा किनारा गाठला, आणि तिथे जमीनच संपली. आणखी पश्चिमेला जाण्यासारखं त्याच्यापुढे काही नव्हतं.

दुसरा आक्षेप संगीताचा आहे, आणि तो त्या काळी स्टॅक्समध्येच घेतला गेला होता. हे गाणं सोल नाहीच, पॉपकडे झुकलेलं आहे, ओटिसच्या श्रोत्यांना ते रुचणार नाही, असं कंपनीतल्या काही जाणत्यांना वाटत होतं. ओरडा नाही, विनवणी नाही, उसळी नाही. १९६७ च्या शरदात ओटिसच्या घशावर शस्त्रक्रिया झाली होती आणि बरेच दिवस त्याला मौन पाळावं लागलं होतं. गाणं २२ नोव्हेंबरला ध्वनिमुद्रित झालं ते या मौनानंतर. आवाजाला जपणं हे त्या संयमाचं एक कारण असू शकेल, पण गाण्याची बांधणी पाहिली तर तेवढं कारण पुरत नाही. चालीतले स्वरमेळ बारकाईने ऐकावेत. पाश्चात्त्य संगीतात दुःख सांगायला सहसा मायनर कॉर्ड, म्हणजे कोमल गंधार असलेला स्वरमेळ, वापरतात. या गाण्यात एकही मायनर कॉर्ड नाही. सगळे स्वरमेळ शुद्ध गंधाराचे, उजळ आहेत, पण ते आपल्या सप्तकाच्या बाहेरच्या ठिकाणी पडत राहतात आणि अपेक्षित विसाव्याला येत नाहीत. उजेड भरपूर, घर मात्र सापडत नाही, असा तो परिणाम आहे. हाक-प्रतिसादाचा जुना साचाही मोडलेला नाही. ओटिसच्या ओळीनंतरच्या जागी क्रॉपरच्या गिटारचे छोटे तुकडे उत्तर देतात. लाटा आणि सीगल पक्ष्यांचे आवाज क्रॉपरने नंतर मिसळले खरे, पण ध्वनिमुद्रणाच्या वेळी ओटिसने स्वतः पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल केली होती, म्हणजे ती कल्पना त्याच्या डोक्यात होती. आणि शेवटी शीळ आहे. तिथे ओटिसने काहीतरी उत्स्फूर्त म्हणायचं ठरलं होतं, ते सुचलं नाही, म्हणून त्याने शीळ घातली, असं क्रॉपर सांगत असे. इतर गाण्यांत ज्या ठिकाणी ओटिस मंडळीला भारून टाकायचा, नेमक्या त्या ठिकाणी इथे मंडळी नाही. धक्क्यावर एकटा माणूस आहे, आणि एकट्या माणसाला शीळ पुरते. हे मला सोलच्या साच्याबाहेर पडणं वाटत नाही. सभा उठून गेल्यावर तो साचा कसा ऐकू येतो, ते इथे कळतं.

चौथं पाणी विस्कॉन्सिन राज्यातलं. मॅडिसन शहर दोन मोठ्या तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर वसलेलं आहे, आणि त्यांतलं एक मोनोना. १० डिसेंबर १९६७ रोजी ओटिस आणि बार-केज हा त्याचा वादकसंच क्लीव्हलंडहून तिथे कार्यक्रमासाठी येत होते. उतरायला थोडं अंतर उरलं असताना त्यांचं छोटं बीचक्राफ्ट विमान मोनोनाच्या गोठत्या पाण्यात कोसळलं. ओटिस २६ वर्षांचा होता. बार-केजची मुलं तर नुकतीच शाळेतून बाहेर पडलेली. जिमी किंग, रॉनी कॉल्डवेल, फॅलन जोन्स आणि कार्ल कनिंगहॅम हे चार वादक, मदतनीस मॅथ्यू केली आणि वैमानिक रिचर्ड फ्रेझर हेही गेले. विमानातला एकटा ट्रम्पेटवादक बेन कॉली आसनाची गादी धरून पाण्यावर राहिला आणि वाचला. त्याला पोहता येत नव्हतं. आज तळ्याकाठच्या मोनोना टेरेस या वास्तूच्या गच्चीवर ओटिसचं छोटं स्मारक आहे, आणि तिथून जे पाणी दिसतं त्यात भरती नाही, ओहोटीही नाही. ध्वनिमुद्रणाचं शेवटचं काम अपघाताच्या काही दिवसच आधी झालं होतं. मिक्सिंग क्रॉपरने मित्र गेल्यानंतर केलं. त्यामुळे या गाण्याला मृत्यूची चाहूल चिकटवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळला पाहिजे. मरणाची कल्पना नसलेल्या, पुढच्या वर्षांचे बेत करणाऱ्या माणसाने हे गाणं रचलं. त्यातली निराशा मृत्यूतून आलेली मानली, तर ती जिथून आली त्या जिवंत लोकांवर आपण अन्याय करतो.

मग हे गाणं मृत्यूमुळेच गाजलं का? जानेवारी १९६८ मध्ये रेकॉर्ड बाजारात आली आणि १६ मार्चला ती बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, चार आठवडे तिथे राहिली. गायकाच्या मृत्यूनंतर पहिल्या क्रमांकावर पोचलेलं ते अमेरिकेतलं पहिलं गाणं. त्याआधी ओटिसचं कोणतंही गाणं त्या मुख्य यादीत पहिल्या वीसांतही आलं नव्हतं. बातमीचा वाटा मोठा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बातमीची ओढ फार काळ टिकत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस बीएमआय या हक्कसंस्थेने शतकात सर्वाधिक वाजलेल्या गाण्यांची यादी काढली तेव्हा हे गाणं सहाव्या क्रमांकावर होतं, सुमारे ६० लाख वेळा प्रसारित झालेलं. तीस वर्षं कोणी शोक म्हणून गाणं वाजवत नाही. आणि ज्या आठवड्यांत ते शिखरावर होतं त्या आठवड्यांत ते कुठे ऐकलं जात होतं, हेही पाहिलं पाहिजे. त्यासाठी पुन्हा मेम्फिसला जावं लागतं. १ फेब्रुवारी १९६८ रोजी तिथे दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे १३०० कामगार संपावर गेले, जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. आपण माणूस आहोत एवढंच सांगणारे फलक छातीवर लावून ते रस्त्यावरून चालत होते. १८ मार्चला मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्या सभेत बोलायला आले. ४ एप्रिलला लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांची हत्या झाली. त्याच मोटेलात मुक्काम करून क्रॉपरने वेगवेगळ्या गायकांबरोबर स्टॅक्सच्या काळातली गाणी लिहिली होती. त्या आठवड्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं ते हेच गाणं. राबूनही काही बदलत नाही असं एक माणूस शांतपणे सांगत होता, आणि ज्या शहरात ते गाणं ध्वनिमुद्रित झालं तिथे राबणारी माणसं तेच रस्त्यावर येऊन सांगत होती. हा योगायोग असेल. पण गाणं लोकांच्या मनात का रुतलं, हे शोकापेक्षा या योगायोगाने अधिक कळतं.

स्टॅक्सची पुढची कहाणी याच अंगाने जाते. वितरण करणारी अटलांटिक कंपनी वॉर्नर-सेव्हन आर्ट्सला विकली गेली, तेव्हा करारातल्या एका कलमामुळे तोवर वितरित झालेल्या मास्टर टेप अटलांटिकच्या मालकीच्या असल्याचं १९६८ मध्ये उघड झालं. ज्या खोलीत ही गाणी झाली तिच्याकडे त्या गाण्यांची मालकी राहिली नाही. १९७५ च्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीत गेली आणि १९८९ मध्ये मॅक्लेमोर अव्हेन्यूवरची इमारत पाडली गेली. वस्तीच्या आग्रहातून २००३ मध्ये त्याच जागी संग्रहालय उभं राहिलं, उतरती जमीनही पुन्हा बांधली गेली, आणि शेजारी आसपासच्या मुलांसाठी संगीत शाळा आहे. या शाळेचं मोल मला पुतळ्याहून अधिक वाटतं, कारण ती गाण्याला त्याच्या माणसांपाशी नेते.

माझ्या वाचनाला शेवटचा आक्षेप असा घेता येईल, की गाण्यात वंशाचा शब्द नाही, गोदी नाही, युद्ध नाही, मग एवढा इतिहास त्याच्यावर का लादायचा? पण गाण्याच्या ओळींत न आलेला इतिहास त्यातल्या ठिकाणांत आणि हालचालींत असतो. कुठून निघाला, कुठे पोचला, काय मिळालं, या तीन प्रश्नांची उत्तरं हा नायक स्पष्ट देतो. तेवढी उत्तरं दक्षिणेतून निघालेल्या ६० लाखांपैकी पुष्कळांच्या आत्मकथेला पुरेशी आहेत. वंशाचा उल्लेख नसल्यामुळे जगातल्या कुठल्याही बंदरावरच्या, कुठल्याही रंगाच्या माणसाला ते स्वतःचं म्हणता आलं, हा त्या मौनाचा लाभ. मात्र ज्यांच्या अनुभवातून ते उचललं गेलं त्यांना त्यातून पुसून टाकू नये, एवढीच माझी मागणी आहे. मेकनमधल्या ओकमल्गीवरच्या एका पुलाला १९७४ पासून ओटिसचं नाव आहे. त्याखालून पाणी पुढे जातं. सॉसलिटोच्या धक्क्याखालून ते जातं आणि परत येतं. ओटिसचं गाणं संपत नाही, तेही याच कारणाने. शेवटी निर्णायक स्वर येत नाही. शीळ चालू राहते आणि आवाज हळूहळू उतरत जातो. रेकॉर्ड थांबते तेव्हा माणूस उठून गेलेला नसतो, आपल्याला फक्त तो ऐकू येईनासा होतो.